गेम, व्हिडिओ, गाणी: कॉम्प्युटरचा आवाज पुन्हा पुन्हा खरखरतो, तुटतो तेव्हा

गाणं छान चालू असतं आणि मध्येच चट्‌चट्‌ होतं. गेममध्ये स्फोट झाला की स्पीकर फाटल्यासारखे वाजतात. व्हिडिओतला माणूस बोलता बोलता घोगरा होतो आणि दोन सेकंदांनी पुन्हा ठीक. रीस्टार्ट केलं की दिवसभर शांत, दुसऱ्या दिवशी तेच. घरच्या कॉम्प्युटरच्या ज्या तक्रारी मी सोडवत आलो आहे, त्यांत सगळ्यांत जास्त वेळा परत येणारी ही. हिच्यापायी लोक पैसेही फार घालवतात: आधी हेडफोन बदलतात, मग स्पीकर, मग साउंड कार्ड. खरखर तशीच राहते, कारण बहुतेक वेळा दोष वाजणाऱ्या वस्तूत नसतो. आवाजाची माहिती तिथपर्यंत वेळेवर पोहोचत नसते.

खाली लिहिलेलं विंडोज १० आणि ११ धरून आहे. काही विकत घेण्याआधी हे सगळं करून बघा.

आधी खरखर नीट ऐका

खरखरीचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रकार ओळखला की निम्मं काम झालं. तुमचा यांतला कोणता?

- अधूनमधून टक्‌, चट्‌. गाणं असो की गेम, दोन्हींत. आवाज लहान असला तरीही. माहिती उशिरा पोहोचते आहे. ड्रायव्हर (विंडोज आणि यंत्राचा एखादा भाग यांना जोडणारा छोटा प्रोग्राम), यूएसबी किंवा वीजबचतीची सेटिंग.
- फक्त मोठ्या आवाजाच्या जागी फाटतं, हळू भागात स्वच्छ. आवाज कुठेतरी मर्यादेपलीकडे वाढवलेला आहे.
- काहीच वाजत नसतानाही एकसारखं घूंऽऽ. वीज आणि अर्थिंगचा मामला.
- माउस हलवला, गेम सुरू केला की बारीक किरकिर किंवा शिट्टी. कॅबिनेटच्या आतला विद्युत गोंगाट.
- फक्त ब्लूटूथ हेडफोनवर तुटतं, किंवा अचानक जुन्या टेलिफोनसारखं ऐकू येतं.
- गेम सुरू करून पंधरा-वीस मिनिटं झाल्यावरच, आणि चित्रही अडखळतं. उष्णता किंवा प्रोसेसरवरचा भार.

आवाज पूर्ण थांबून चित्रावर गोल चाक फिरत असेल तर ते इंटरनेट कमी पडण्याचं लक्षण. त्याने खरखर होत नाही, शांतता होते. हा फरक लक्षात ठेवा, कारण खरखर ऐकून राउटर बदलणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत.

हे होतं कसं

डिजिटल आवाज म्हणजे दर सेकंदाला हजारो आकडे. सीडीवरच्या संगीतात एका चॅनलसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, व्हिडिओत आणि गेममध्ये बहुधा ४८,०००. विंडोजचं ध्वनी इंजिन ते साधारण १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी पुढे देतं, म्हणजे एका खेपेला ४८० नमुने. हे तुकडे एका छोट्या साठ्यात, बफरमध्ये, जमा होतात आणि ध्वनी चिप तिथून उचलत राहते. टाकी रिकामी झाली की नळ जसा हवा ओकत फसफसतो, तसं बफर रिकामा झाला की स्पीकर चटकतो.

म्हणजे सगळा खेळ १० मिलिसेकंदांचा. प्रोसेसर सरासरीने दहा टक्केच व्यस्त असला तरी एखाद्या ड्रायव्हरने त्याला तेवढा वेळ अडवून ठेवलं तर आवाज तुटणारच. ‘टास्क मॅनेजरमध्ये सगळं ठीक दिसतंय, मग खरखर का?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. टास्क मॅनेजर सेकंदांची सरासरी दाखवतो, आणि दोष त्या सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात लपलेला असतो.

तपासणी: फुकटची आणि सोपी आधी

एका वेळी एकच गोष्ट बदला. बदल केला, ऐकलं, उपयोग नाही झाला तर ती पूर्ववत करून पुढची. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि खरखर गेली, तर कशाने गेली हे कळत नाही, आणि ती परत आली की सगळं पहिल्यापासून करावं लागतं. ऐकण्यासाठी डिस्कवर साठवलेलं, तुमच्या कानांत पक्कं बसलेलं एखादं गाणं निवडा. ऑनलाइन गाणं नको. त्यात इंटरनेटची भर पडते. आणि प्रत्येक बदलाच्या वेळी हेडफोन कानांवरून काढून ठेवा. ड्रायव्हर बदलताना किंवा पिन लावताना मोठा धडाका येऊ शकतो.

*दुसरा हेडफोन, दुसरा सॉकेट.* तुमचा हेडफोन मोबाइलला किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तिथेही खरखर असेल तर कॉम्प्युटर निर्दोष, पुढचं काही वाचू नका. नसेल तर पिन सॉकेटमध्ये पूर्ण गेली आहे का बघा. सॉकेटमध्ये धूळ साचते, आणि माइक असलेल्या हेडफोनची चार पट्ट्यांची पिन तीन पट्ट्यांच्या सॉकेटमध्ये घातली की स्पर्श चुकतो: मधला आवाज, म्हणजे गाणाऱ्याचा गळा, गायब होतो आणि वाद्यंच पोकळ ऐकू येतात. अशा हेडफोनसाठी एका पिनचे दोन फाटे करणारी छोटी वायर मिळते. पिन बोटाने हलवल्यावर खरखर बदलत असेल तर सॉकेट किंवा वायर सैल झाली आहे. मग सेटिंगमध्ये कितीही शोधलं तरी हाती काही लागणार नाही.

डेस्कटॉप असेल तर पुढचा सॉकेट सोडून मागचा हिरवा सॉकेट वापरून बघा. पुढचा सॉकेट कॅबिनेटच्या आतून जाणाऱ्या लांब वायरने मदरबोर्डला जोडलेला असतो, आणि ती वायर पुष्कळदा ग्राफिक्स कार्डच्या शेजारून जाते. माउसबरोबर येणारी किरकिर मागच्या सॉकेटला नाहीशी झाली तर कारण तेच.

याच्याशीच गल्लत होणारी एक गोष्ट आहे. हेडफोन काढून ठेवला तरी बारीक शिट्टी येतच असेल, तर ती ग्राफिक्स कार्डाच्या किंवा पॉवर सप्लायच्या कॉइलमधून येते. गेमच्या मेनूमध्ये साधं चित्र सेकंदाला शेकडो वेळा रंगवलं जातं तेव्हा ती सर्वांत तीव्र असते. गेमच्या सेटिंगमध्ये एफपीएसला, म्हणजे सेकंदाला रंगवायच्या चित्रांना, मर्यादा घाला. शिट्टी कमी होते. ही कॉइल बहुतेक वेळा बिघडलेली नसते, नुसती कंप पावत असते.

*आवाज कुठे कुठे वाढवला आहे?* फाटण्याचा प्रकार असेल तर हे पहिलं. प्लेअरचा आवाज, विंडोजचा आवाज, इक्वलायझर (जाड-बारीक स्वर वेगवेगळे वाढवणाऱ्या पट्ट्या) आणि ‘बास बूस्ट’ या चार जागी तो वाढतो. व्हीएलसी या प्लेअरमध्ये तो १०० टक्क्यांच्या वर नेता येतो. डिजिटल आवाजाला एक कमाल आकडा असतो. त्यापुढच्या लहरींचे माथे सपाट कापले जातात आणि तेच आपल्याला फाटलेलं ऐकू येतं. प्लेअर शंभरवर, इक्वलायझर बंद, आणि मोठा आवाज हवा असेल तर स्पीकरच्या बटणाने वाढवा. बास हवाच असेल तर बास वर नेण्याऐवजी बाकीच्या पट्ट्या खाली आणा. ऐकायला तेच मिळतं, पण कापलं काही जात नाही.

*‘सुधारणा’ बंद करा.* सेटिंग्ज, सिस्टम, साउंड, तिथून तुमचं उपकरण निवडा आणि ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा. स्पेशियल साउंडही बंद. लॅपटॉप आणि मदरबोर्डबरोबर आपसूक आलेलं एखादं ‘सराउंड’ किंवा ‘गेमिंग साउंड’ सॉफ्टवेअर असेल तर तेही. ही सॉफ्टवेअरं प्रत्येक तुकड्यावर प्रक्रिया करतात आणि त्या १० मिलिसेकंदांतला वेळ खातात. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर खरखर सुरू झाली असेल, तर माझा पहिला संशय यांच्यावर असतो; विंडोज नवं होतं आणि हे जुनंच राहतं.

तिथेच मोअर साउंड सेटिंग्ज उघडून, उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर जा. फॉरमॅट २४ बिट, ४८,००० हर्ट्झ ठेवा. १,९२,००० निवडल्याने आवाज चांगला होईल असं अनेकांना वाटतं. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि ४८,००० च्या दराने २४,००० पर्यंतचा ध्वनी नोंदता येतो, म्हणजे पुरेसं होऊन उरतं. वरचा आकडा फक्त काम चौपट करतो. तिथेच खाली ‘एक्सक्लुझिव्ह’ ताब्याची खूण असते, तीही काढून बघा. एखादं ॲप ध्वनी उपकरण एकट्यासाठी धरून ठेवतं तेव्हा दुसऱ्याचा आवाज अडखळतो किंवा येतच नाही.

*वाय-फाय बंद करून ऐका.* ही माझी सगळ्यांत आवडती परीक्षा, कारण तिला अर्धा मिनिट लागतं आणि ती खूप काही सांगते. डिस्कवरचं गाणं लावा, एअरप्लेन मोड चालू करा. खरखर थांबली? मग दोषी नेटवर्कचा ड्रायव्हर. तो नव्या जाळ्यांच्या शोधात फिरताना प्रोसेसरला अडवतो. मदरबोर्ड किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून वाय-फायचा नवा ड्रायव्हर घ्या, किंवा नेटवर्कची वायर लावून वाय-फाय कायमचं बंद ठेवा. आवाजाच्या दुखण्याचं औषध वाय-फायमध्ये असेल हे पटकन पटत नाही, म्हणून बहुतेक जण इथे येतच नाहीत.

*वीजबचत.* लॅपटॉप चार्जरवर लावून पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ करा. बचतीच्या वेळी प्रोसेसर झोपतो आणि जागं व्हायला त्याला वेळ लागतो. यूएसबी हेडफोन असेल तर पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद करा. हब काढून हेडफोन थेट कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टला लावा, शक्यतो मागच्या. प्रत्येक आवाजाची पहिली अर्धी मात्रा गिळली जात असेल आणि नंतर सगळं स्वच्छ असेल, तर ते उपकरण शांततेत झोपी जातं एवढंच, बिघाड नाही.

ब्लूटूथवाल्यांसाठी

गाणी ऐकताना ब्लूटूथ हेडफोन एका पद्धतीने चालतो: दर्जा चांगला, स्टीरिओ, पण माइक बंद. गेममधल्या गप्पांसाठी किंवा कॉलसाठी माइक उघडला की तोच हेडफोन दुसऱ्या, टेलिफोनसाठी बनवलेल्या पद्धतीवर जातो आणि सगळा आवाज एका चॅनलचा, दबका होतो. ही जुन्या ब्लूटूथची मर्यादा आहे, हेडफोन महाग असला तरीही. उपाय साधा आहे: माइक म्हणून लॅपटॉपचा किंवा वेगळा माइक निवडा. नव्या ‘एलई ऑडिओ’त हा अडथळा उरत नाही, पण त्यासाठी हेडफोन आणि कॉम्प्युटर दोन्हींत ती सोय लागते. कॉल सुरू झाला की गाणं फक्त हळू होत असेल, तर तो विंडोजचा स्वभाव आहे: साउंडच्या कम्युनिकेशन्स टॅबवर इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याची निवड आधीच केलेली असते. तिथे ‘डू नथिंग’ निवडा.

मान वळवल्यावर तुटत असेल तर लहरींचा प्रश्न. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि पुष्कळ वाय-फायही तिथेच. शिवाय यूएसबी ३.० च्या पोर्टमधून आणि वायरींमधून नेमक्या याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्ये त्यावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं. ब्लूटूथचा छोटा डोंगल यूएसबी ३.० च्या बाह्य डिस्कशेजारी खुपसलेला असेल तर त्याला हातभर लांबीची एक्स्टेंशन वायर लावून दूर आणा. डेस्कटॉपमध्ये वाय-फाय कार्ड असेल तर मागच्या दोन अँटेना लावल्या आहेत ना, हे डोळ्यांनी बघा. ‘मी वाय-फाय वापरत नाही’ म्हणून त्या खोक्यातच राहतात, आणि ब्लूटूथही त्यांच्याच भरवशावर असतं.

घूंऽऽ असा गुणगुणाट

लॅपटॉप स्पीकरला जोडलेला आहे आणि घूं येतं. चार्जर काढला की थांबतं. हा ग्राउंड लूप. दोन उपकरणं दोन वेगळ्या जागी जमिनीशी जोडलेली असतात, त्यांच्यात किंचित फरक असतो आणि तो ध्वनीच्या वायरीतून वाहतो. स्वर विजेच्या वारंवारतेचा: ५० हर्ट्झ, काही देशांत ६०, किंवा त्यांची दुप्पट. कॉम्प्युटर, मॉनिटर आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. त्याने नाही गेलं तर ध्वनीच्या वायरीत लावायचा छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, त्याने जातं.

एक गोष्ट कधीही करू नका: तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणं. गुणगुणाट थांबतो हे खरं, पण ती पिन तुमच्या जिवासाठी आहे. आत वायर सुटली तर करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो आणि तुमच्या हातातून जातो.

ड्रायव्हर: इथे थोडा वेळ द्या

सोप्या परीक्षांनंतरही टकटक चालू असेल तर लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम घ्या. घरच्या वापरासाठी तो फुकट आहे. तो चालू करून निदान दहा मिनिटं गाणं वाजू द्या, मग ड्रायव्हर्सच्या टॅबवर सगळ्यांत जास्त वेळ कोणी घेतला ते बघा. आकडे मायक्रोसेकंदांत असतात, हजार म्हणजे एक मिलिसेकंद. काहीशे ठीक. हजारांत जात राहिला तर गुन्हेगार सापडला. नाव एनव्हीएलडीडीएमकेएम असेल तर एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर, एनडीआयएस असेल तर नेटवर्क, स्टोरपोर्ट असेल तर डिस्क. एसीपीआय दिसलं तर बायोस (मदरबोर्डवरचा, मशीन सुरू करणारा प्रोग्राम) आणि वीज व्यवस्थापन. तिथे ‘हार्ड पेजफॉल्ट’चा आकडाही असतो, तो सारखा वाढत असेल तर रॅम अपुरी पडून डिस्कवरून काम चाललं आहे. ब्राउझरचे टॅब बंद करा आणि पुन्हा मोजा.

मग त्या एकाच ड्रायव्हरला हात लावा. आधी सिस्टम रीस्टोर पॉइंट (बिघडलं तर मागे परतायची खूण) करून ठेवा. ध्वनीच्या ड्रायव्हरचाच संशय असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये अपडेट ड्रायव्हर, मग कॉम्प्युटरवरच्या यादीतून निवड, आणि ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ हा मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर घ्या. त्यावर स्वच्छ वाजलं तर मूळ ड्रायव्हरात दोष होता. हवं तर याच्यावरच राहा, फक्त काही खास सोयी जातील. खरखर एखाद्या अपडेटनंतरच सुरू झाली असेल तर त्या ड्रायव्हरच्या प्रॉपर्टीजमधलं ‘रोल बॅक’ बटण वापरा. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट’ म्हणणारे प्रोग्राम मात्र नकोत. ते चुकीचे ड्रायव्हर घालतात आणि मग एका दुखण्याची चार होतात.

फक्त गेममध्ये, थोड्या वेळाने

टास्क मॅनेजर उघडा ठेवून गेम खेळा. प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकला असेल तर आवाजाला वेळच उरत नाही. एफपीएसची मर्यादा मॉनिटरच्या रिफ्रेश रेटइतकी करा, म्हणजे ६० हर्ट्झच्या मॉनिटरला ६०. दिसण्यात फारसा फरक पडत नाही आणि प्रोसेसरला श्वास मिळतो. वेग मध्येच कोसळत असेल तर तापमान बघा. बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसला पोहोचले की स्वतःला आवरतात. मशीन बंद करून, प्लग काढून जाळ्यांतली धूळ उडवा; उडवताना पंखा बोटाने धरून ठेवा, तो भरधाव फिरू देऊ नका.

एएमडीचा रायझन प्रोसेसर असेल आणि दिवसातून क्वचित, एक-दोन सेकंद चित्र आणि आवाज दोन्ही एकदम अडकत असतील, तर बायोस किती जुना आहे ते बघा. एफटीपीएम नावाच्या सुरक्षा भागामुळे असं होतं हे एएमडीने मार्च २०२२ मध्ये मान्य केलं आणि त्या वर्षीच्या मे महिन्यापासून त्यावरचे बायोस येऊ लागले. बायोस बदलण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर डिस्क कुलूपबंद राहू शकते. वीज जाण्याची शक्यता असेल तर यूपीएसशिवाय बायोसला हात लावू नका. अर्धवट लिहिलेल्या बायोसने मदरबोर्ड सुरूच होत नाही.

शेवटची परीक्षा: लिनक्स

पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी दुसरी सिस्टम) घ्या, काहीही इन्स्टॉल न करता त्यातच गाणं वाजवा. तिथे स्वच्छ असेल तर यंत्र चांगलं आहे, दोष विंडोजच्या बाजूला. डेटाची प्रत काढून विंडोज नव्याने टाकणं हा मार्ग उरतो. तिथेही तशीच खरखर असेल तर दोष बहुधा हार्डवेअरमध्ये. डेस्कटॉप असेल तर स्वस्तातलं यूएसबी साउंड ॲडॉप्टर लावून बघा. मदरबोर्डवरची ध्वनी चिप पूर्ण टाळली जाते. पैसे खर्च करायची ही पहिली जागा.

इथे थांबा

जळका वास, हेडफोनच्या धातूला हात लागल्यावर झिणझिण्या, पॉवर सप्लायमधून फटफट, लॅपटॉपची फुगलेली बॅटरी किंवा आत सांडलेलं पाणी: यांतलं काहीही असेल तर प्लग काढा आणि तंत्रज्ञाला बोलवा. झिणझिण्या येत असतील तर कॉम्प्युटरवाल्याच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून घरातलं अर्थिंग तपासून घ्या. पॉवर सप्लाय कधीही उघडू नका, प्लग काढलेला असला तरी नाही. आतले कपॅसिटर नंतरही जोराचा झटका देतात. लॅपटॉपचा सैल सॉकेट बोर्डावरून सोल्डर काढून बदलावा लागतो, तेही घरी करायचं काम नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूलाही हात लावू नका.

मशीन देताना बरोबर एक कागद द्या: खरखरीचा प्रकार, कधी येते, लिनक्समध्ये आली की नाही, लेटन्सीमॉनमध्ये कोणतं नाव वर होतं, काय काय बदलून पाहिलं. मोबाइलवर खरखरीचं रेकॉर्डिंगही ठेवा, कारण दुकानात नेल्यावर ती नेमकी येत नाही. आणि डेटाची प्रत आधी काढा. दुरुस्तीत विंडोज नव्याने टाकलं तर तुमचे फोटो आणि गेमचे सेव्ह त्यात पुसले जातात.